राबात जळलेलं शेण

भात कापलं की आमच्या शेतात वाल पेरायचे, हा नियम कुणी केला ते कुणालाच माहीत नव्हतं. पेणहून लग्न होऊन मी रोह्याच्या बाजूला आले, आणि बऱ्याच वर्षांनी धीर करून सासऱ्यांकडे कालव्याकाठचा एक तुकडा टोमॅटोसाठी मागितला. नवरा कंपनीच्या शिफ्टवरून घरी यायचा तो झोपायलाच, त्याचं मत नव्हतंच. सासरे म्हणाले, यंदा कर, पण फसलं तर पुन्हा विषय काढायचा नाही.

आमच्याकडे टोमॅटोला मर लागायची. बुरशी मुळाशी बसते आणि उभं झाड मान टाकतं. माहेरी गेले असताना मी एका शिबिरात शिकून आले होते, की ट्रायकोडर्मा नावाची चांगली बुरशी शेणखतात वाढवायची आणि रोप लावताना खड्ड्यात मूठभर टाकायची. ती वाईट बुरशीला पुरून उरते. तिचं पाकीटही आणलं. पडवीमागे सावलीत, ओल्या गोणपाटाखाली तो शेणाचा ढीग मी बाळंतिणीसारखा जपला.

मग भावाच्या साखरपुड्याला गेले. परत येते तो ढीग गायब. राब भाजल्याशिवाय आमच्याकडे वाफ्यात बी पडत नाही. खाली शेण, वर टहाळ, पेंढा, माती आणि मग आग. मला मदत म्हणून सासऱ्यांनी टोमॅटोचा वाफा भाजून ठेवला होता, आणि घरातलं सगळ्यात चांगलं शेण म्हणून माझाच ढीग त्यात पसरला होता.

"मामंजी, ते जाळायचं नव्हतं," मी म्हटलं.

"शेन ते शेन गो. त्यात काय सोना व्हता?"

दुसरं पाकीट जवळच्या अष्टमी गावातल्या दुकानांत मिळालं नाही. रोपं मात्र झकास उगवली, सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला वाफा दाखवायचे. शेतात लावल्यावर ऐन फुलोऱ्यात मर आली. मी तांब्याचं बुरशीनाशक आणून बुंध्याशी ओतलं, पण ते वरातीमागून घोडं. दोन-चार ओळी वाचल्या.

"बुरशीवर बुरशी घातली हिनं, दुसरा काय व्हनार?" सासऱ्यांनी निकाल दिला. ती बुरशी शेतात पोचलीच नव्हती, असं मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. त्या दिवशी मला त्यांचा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

त्या तुकड्यात पुन्हा वाल आले. थंडीत तिथेच पोपटी लावतात, शेंगांचं मडकं भाजेपर्यंत सासरे पाहुण्यांना माझ्या बुरशीची गोष्ट रंगवून सांगायचे. आता ते नाहीत. गोष्ट नवरा सांगतो, आणि शेंगा मी वाढते.