कब्रस्तानाचं फाटक

माझे बाबा गेले तेव्हा त्यांना मातीत ठेवायला आम्हाला तीन तास फाटकाबाहेर थांबावं लागलं. ज्या कब्रस्तानातलं गवत त्यांनी कितीतरी वर्षं दर शनिवारी स्वतःच्या हातानं कापलं, त्याच कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर. लोक मला म्हणतात, झालं गेलं, विसर आता. मला विसरायचं नाही.

अकोला आणि अमरावतीच्या मधल्या एका तालुक्याच्या गावी बाबा सहकारी बँकेत कारकून म्हणून लागले आणि त्याच शाखेचे मॅनेजर होऊन निवृत्त झाले. बाजाराच्या दिवशी ते आपली खुर्ची केबिनमधून उचलून व्हरांड्यात आणत. भाजीवाल्या बाया केबिनमध्ये यायला बिचकायच्या, म्हणून. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर ते त्यांना सही शिकवायचे. "अंगठा कायले लावता? नाव हाय ना तुमाले," असं दटावायचे. मी लहानपणी त्या व्हरांड्यात बसून हे पाहिलंय. एकेका बाईला आपलं नाव यायला दोन-दोन महिने लागायचे आणि बाबांना घाई नसायची.

घाई आमच्यासाठी असायची. बँक सुटली की चर्च. गावात ख्रिस्ती घरं जेमतेम चाळीस, आणि त्या चाळीस घरांचं सगळं बाबांच्या अंगावर. मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांचे, पंच तेच, पोरांना गाणी शिकवणारे तेच, कुणाकडे मयत झालं की पेटी करवून घ्यायला सुताराकडे जाणारेही तेच. दहावीला मी शाळेत पहिली आले, त्या सत्काराला आई एकटीच आली. बाबा अकोल्याच्या दवाखान्यात आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या आईच्या उशाशी बसले होते. "तिचं कोणी नोतं जवळ," एवढंच म्हणाले. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, मला आजही माहीत नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी मंडळीत दोन गट पडले. चर्चच्या आवाराची रस्त्याकडची पट्टी विकून तिथे दुकानं काढायची, असं मंडळीच्या सेक्रेटरीच्या मनात होतं. या सेक्रेटरीच्या नोकरीचा पहिला अर्ज बाबांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहून दिला होता. त्या दिवशी तो आमच्याकडेच जेवला होता. आता तो विक्रीचे कागद घेऊन सहीला आला. बाबांनी सही केली नाही. "हे आपलं नाही, आपल्याले सांभाळाले देलं हाय," म्हणाले. दोन रविवारांनी उपासना संपल्यावर सेक्रेटरीनं उभं राहून एक चिठ्ठी वाचली. मंडळीच्या कामात अडथळा आणल्यामुळे बाबांचं नाव पंचांतून आणि सभासदांच्या यादीतूनही काढण्यात येत आहे. बाबा दुसऱ्या बाकावर बसले होते. चाळीस घरांतलं एकही माणूस उठलं नाही. ज्यांच्या बाळंतपणाला, ज्यांच्या मयताला बाबा धावले होते, ते सगळे गाण्याच्या पुस्तकात डोकं घालून बसले.

पुढच्या रविवारी बाबा पुन्हा गेले. फक्त शेवटच्या बाकावर बसले. मी तेव्हा अमरावतीला शिकवत होते. कळल्यावर फोनवर ओरडलेच, "बाबा, काहून जाता तिथं?"

"मी काय त्यायच्यासाठी जातो काय वं?" ते म्हणाले, आणि माझ्या कॉलेजच्या परीक्षा कधी आहेत ते विचारलं.

त्यांना राग यायचाच नाही. लोक याला मोठेपणा म्हणतात. मला वाटतं, त्यांच्या वाटणीचाही राग त्यांनी माझ्याकडेच पाठवून दिला.

मे महिन्यात अमरावतीच्या दवाखान्यात सकाळी ते गेले. अकराच्या सुमारास आम्ही अँब्युलन्सनं गावी पोचलो, तर कब्रस्तानाच्या फाटकाला नवंकोरं कुलूप. मी सेक्रेटरीला फोन लावला.

"ताई, वाईट झालं," तो म्हणाला. "पण त्यांचं नाव यादीत नाही. कमिटीची मिटिंग घ्यावी लागेल. रविवारी बसतो आम्ही."

तो गुरुवार होता.

"तोपर्यंत त्यांना कुठे ठेवू?" मी विचारलं. त्यानं फोन ठेवला.

पाळकसाहेब आले. लिंबाच्या सावलीत उभे राहून घाम पुसत म्हणाले, "मी मधल्यामध्ये काय करू? माझी बदली करतील." त्यांच्या आईच्या उशाशी कोण बसलं होतं, हे माझ्या तोंडावर आलं होतं. आईनं अँब्युलन्समधूनच नको म्हणून मान हलवली, म्हणून गप्प राहिले. आज वाटतं, बोलायला हवं होतं.

माणसं मात्र जमत होती. आमच्या मंडळीची नव्हेत. बाजारातल्या भाजीवाल्या आल्या, बँकेचे निवृत्त शिपाईकाका आले, पलीकडच्या बौद्ध वस्तीतली चार-पाच माणसं आली. त्यांतले एक वयस्कर गुरुजी मला म्हणाले, "पोरी, वाईट नको मानू. आमच्या जागेत आणता काय साहेबाले? आमाले काही अडचण नाही." मला रडू फुटलं, त्या दिवशी पहिल्यांदा. आई खाली उतरली, त्यांना हात जोडले आणि म्हणाली, "तुमचे उपकार हायेत, गुरुजी. पण हे इथंच राहतीन. ही भिंत बांधली तवा हिच्यावर त्यायनं उन्हाळाभर पाणी मारलं हाय."

एक भाजीवाली म्हातारी पुढे झाली. "मंग आता कोनाची वाट पाहून राह्यलो आपन?"

शिपाईकाका घरी जाऊन सब्बल, लोखंडी पहार, घेऊन आले. कुलपावर मारायला निघाले, पण मी ती त्यांच्या हातातून घेतली. त्यांचं पेन्शन होतं, त्यांना कुणी त्रास दिला असता. चौथ्या फटक्याला कुलूप तसंच राहिलं आणि कडी निघाली. आयुष्यात मी काही तोडलं असेल तर तेवढंच. मला बरं वाटलं. बापाचं प्रेत पाच पावलांवर असताना बरं वाटलं, हे मी लपवणार नाही.

मे महिन्यातली काळी माती. वरचे दोन हात दगडासारखे. वस्तीतली माणसं आणि शिपाईकाकांचे मुलगे आळीपाळीनं खणत होते. बाया बादल्यांनी पाणी आणून माती भिजवत होत्या. ऊन कलल्यावर खड्डा पुरा झाला. तेव्हा पाळकसाहेब पुस्तक उघडून पुढे आले. फाटक उघडलेलं पाहून त्यांना धीर आला असावा. त्यांनी प्रार्थना केली, चांगली केली. आमच्या मंडळीची सात-आठ माणसं भिंतीबाहेर उभी होती. आत एकही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. कुलूप तोडल्याची तक्रार होती. हवालदार ओशाळून म्हणाला, "मॅडम, लिहून द्या, गर्दीत कोनं तोडलं ते माहीत नाही. विषय संपून जाईन." मी लिहिलं की मी तोडलं, आणि खाली पूर्ण नाव घालून सही केली. त्या तक्रारीचं पुढे काही झालं नाही. ती रस्त्याकडची पट्टी मात्र वर्षभरात विकली गेली. आता तिथे शटरची सहा दुकानं आहेत.

मागच्या महिन्यात सेक्रेटरीचा फोन आला. चर्चच्या हॉलमध्ये जुन्या सेवकांचे फोटो लावायचे आहेत, बाबांचा एक चांगला फोटो पाठवा. "त्यांच्यासारखी सेवा कोणी केली नाही, ताई," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. त्याला खरंच काही आठवत नसावं, किंवा आठवून काही होत नसावं. यातलं जास्त वाईट कोणतं, ते मला ठरवता येत नाही.

"आधी त्या बाकांवर बसलेल्या सगळ्यांसमोर ती चिठ्ठी चुकीची होती असं वाचून दाखवा," मी म्हणाले. "मग फोटो मागा."

तो म्हणाला, कमिटीत विषय ठेवतो.

आईला सांगितलं तर ती चिडली. ती अजून दर रविवारी तिथेच जाते. "तुह्या बाबानं असं केलं नसतं," म्हणाली.

"नसतंच केलं," मी म्हणाले. "म्हणून तर मी करून राहिली."

"फोटो माह्या कपाटात हाय," आई म्हणाली, "अन् मी तो कोणाले देणार नाही."