दोघांनीच फिरायला जायचं, तर लोकांना काय सांगायचं?

मंडळी, आज माझ्याच तोंडानं माझा घात केला.

आम्हा नवरा-बायकोला डोंगर तुडवायची भारी हौस. थंडीत तिचे गुडघे आखडतात, म्हणून चैत्राच्या उन्हात चार दिवस दोघांनीच निघायचं ठरलं. पण कुठं, वेरूळ की अजिंठा? मी शहाण्यानं माझ्या किराणा दुकानातल्या गिऱ्हाइकांनाच विचारलं.

"वेरूळला चालले का शेटजी? मंग देवदर्शनाला आमची म्हातारी बी न्या!"

देवाच्या वाटेला निघालेल्या माणसाला न्हाई कसं म्हणायचं? मी जल्दीनं म्हणालो, "न्हाई, अजिंठ्याला."

"तिथं कोणता देव?"

"देव न्हाई. नुसतं फिरायला."

गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे बघितलं. माझे कान तिखट, पोत्यांमागची कुजबुज बराबर ऐकू आली. "नुसतं फिरायला? घरात काहीतरी बिनसलंय."

घाबरून मी वेरूळ कबूल केलं. दुपारपर्यंत दोन बैलगाड्या भरतील एवढी माणसं झाली. माझी बहीणही गाठोडं घेऊन आली.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "अहो, एवढ्यांच्या भाकरी मी थापायच्या, मंग डोंगर कोण चढणार?"

मंडळी, आता तुम्हीच सांगा, या लोकांना काय सांगायचं?