मी न बोललेला नवस

“थुंकीत टीबीचे जंतू सापडलेत,” आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, तर मी पहिलं काय विचारावं? “कांद्याची लागण तोंडावर आलीय, वावरात गेलं तर चालंल ना?” जिवाचं भ्या नंतर वाटलं. गावात नुकते मोबाइल यायला लागले तेव्हाची ही गोष्ट. आता मी ठणठणीत आहे, म्हणून हसू येतं.

बाईंनी नीट समजावलं. स्पुटम म्हणजे खोकून काढलेला बेडका. त्यात जंतू दिसले की आजार पक्का. डॉट्स म्हणजे कोणाच्या तरी डोळ्यांदेखत गोळ्या गिळायच्या. माझ्यासाठी अंगणवाडीच्या ताई ठरल्या. लघवी केशरी होईल, घाबरायचं नाही. वावरात जायला हरकत नाही, पण सुरुवातीला तोंडावर पदर धरायचा, माणसांपासून लांब बसायचं.

शेवटी म्हणाल्या, “आजार तुमचा आहे. आमच्याकडून गावात कोणाला कळणार नाही. पण तुमच्यासोबत बसणाऱ्या-उठणाऱ्या कोणाला खोकला असेल, तर तपासायला पाठवा.”

आता आली का पंचाईत! आम्हा बायकांची सावड होती. आज सगळ्या तुझ्या वावरात, उद्या माझ्या. मजुरी नाही, कामाला काम. भाकरी एकत्र, पाण्याचा तांब्या एक. आणि माझी जिवाची मैत्रीण झुंबर कधीची खोकत होती. तिला सांगावं तर माझं बिंग फुटणार आणि सावड सुटणार. या बायकांशिवाय आमच्या बोरी गावात माझे दिवस जायचे कसे? मी मूग गिळून बसले.

वावरात स्वतःचा पेला न्यायला लागले. तोंडाला पदर, आणि भाकरी बाभळीखाली एकटीच. बायका कुजबुजायच्या. मग झुंबरनंच जाहीर केलं, “हिनं ओझरच्या गणपतीला नवस बोललाय. सोवळ्यात हाय ती.” आयती सबब मिळाली, मी कशाला सोडते?

थोड्या दिवसांनी बघते तर झुंबर स्वतःचा पेला घेऊन माझ्यापाशी हजर. “तुझा खोकला लई कमी झाला. तुझा नवस मीबी धरलाय. दवाखाना नको न्‌ सुई नको.” हसता हसता तिला अशी ढास लागली की डोळ्यांतून पाणी आलं.

मी हातातली भाकरी खाली ठेवली. कोणाला न सांगायचा हक्क मला होता, बाईंनीच तसं सांगितलं होतं. पण त्यापायी झुंबर बिनऔषधाची राहणार होती. मी उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, “नवसबिवस काय न्हाई. मला टीबी हाय. गोळ्या खाती म्हणून खोकला कमी झाला. झुंबर, तू थुंकी तपासून ये.”

झुंबरनं पेला उचलला आणि ती कामाला लागली. संध्याकाळी सगळ्या मुकाट घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी कांद्याची लागण माझ्या वावरात होती. रोप उपटून ठेवलेलं, वाफे भिजवलेले. मी बांधावर उभी. एकटीनं उरकायचं काम नव्हतं ते, आणि खरं सांगते, मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात रस्त्यानं बडबड ऐकू आली. सगळ्या आल्या, प्रत्येकीच्या हातात आपापला पेला. झुंबर तेवढी नव्हती. माझं तोंड बघून आमच्यातली थोरली धोंडाबाई खेकसली, “अशी काय बघती? झुंबर गेली दवाखान्यात थुंकी द्यायला. तिचा वाफा आमी उरकतो. आन्‌ नवस तू बोलली नसशील, आमी बोललोय. दोघी बऱ्या झाल्या की ओझरला जायचं. मोदक तुझ्याकडनं.”

झुंबरच्या थुंकीतही जंतू निघाले. मग अंगणवाडीत आम्ही दोघी जोडीनं गोळ्या गिळायचो, आणि पोरं माना वर करून बघायची. दोघी बऱ्या झालो. ओझरला मोदक इतके खाल्ले की परतीच्या जीपमध्ये धोंडाबाईला वाकता येईना.

तुमच्यापैकी कोणाच्या हातात असा रिपोर्ट आला, तर सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. त्यात कोणी जबरदस्ती करू नये. मी आपलं माझं सांगते. मी बोलले, म्हणून माझी झुंबर आज आहे.