लेकीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं

लेक दुसरीत असताना तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली आणि कोपरगावात ज्याला त्याला माझं आईपण तपासायचा हक्क मिळाला. किराणा दुकानात, एसटी स्टँडवर, हळदीकुंकवाला, कुठंही जा. लोक आधी तिच्याकडं बघायचे, मग माझ्याकडं. "जेवत नाही का हो पोरगी?" "जंत झाले असतील." "रक्त कमी दिसतंय." जंतांचं औषध देऊन झालं. रक्त तपासलं, ते चांगलं निघालं. तेही कुणाला पटेना.

शाळेतल्या बाईंनी तर बोलावूनच घेतलं.

"वर्गात पेंगते ही. रात्री मोबाईल देता का?"

"नाही हो बाई, जेवण झालं की झोपते."

"मग डोळे असे कसे?"

आता याचं उत्तर माझ्याकडं असतं तर मी गावभर बोलणी खात कशाला फिरले असते?

घरी सासूबाईंचं निदान ठरलेलं होतं. दृष्ट. रोज दिवेलागणीला निखारे पेटवून त्यावर मोहरी, ऊद, धूप टाकायच्या आणि धुरात लेकीला बसवायच्या. ती शिंकून शिंकून बेजार व्हायची. "निघाली बघ, निघाली," म्हणत त्या आणखी चिमूटभर ऊद टाकायच्या. "आई, पुरे आता," म्हटलं की म्हणायच्या, "तुला काय कळतंय? लोकांची नजर लई वंगाळ हाय."

शेवटी लेकीला घेऊन नगरला मुलांच्या डॉक्टरांकडं गेले. मी काही सांगायचं विसरेन म्हणून सासूबाईही आल्या. डॉक्टरीणबाई डोळ्यांबद्दल काही बोलल्याच नाहीत. लेक तळहातानं नाक वर घासत होती, ते बघत राहिल्या.

"असं नेहमी करते? सकाळी शिंका येतात? तोंड उघडं टाकून झोपते?"

सगळ्याला मी हो म्हटलं. मला ती कायमची सर्दी वाटायची.

"घरात धूर होतो का?"

मी सासूबाईंकडं पाहिलं. सासूबाई वर पंख्याकडं बघत होत्या.

"ॲलर्जी आहे हिला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाक आतून सुजतं, तिथलं रक्त नीट पुढं सरकत नाही. डोळ्यांखालची कातडी पातळ, म्हणून ते काळं दिसतं. नाक चोंदल्यामुळं झोपही धड होत नाही." नाकात मारायचा स्प्रे दिला. धूर बंद, गाद्यांना ऊन, अभ्रे गरम पाण्यात.

परतीच्या एसटीत सासूबाई खिडकीकडं तोंड करून म्हणाल्या, "माझ्यामुळं झालं, म्हन की सरळ."

म्हणायला पुष्कळ होतं. पण त्यांचा आवाज कापत होता. "तसं कुणी म्हटलं का, आई?" एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निखारे पेटवलेच नाहीत. नुसतं मीठ-मोहरी ओवाळून लांब टाकून आल्या. स्प्रे बघून लेक घरभर पळायची, मला हातही लावू देत नव्हती. सासूबाईंनी मांडीवर घेतलं की मात्र गुमान मारून घ्यायची. हळूहळू वर्तुळं फिकी झाली. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या चिमण्यांची काजळी उडायला लागली की पुन्हा थोडी गडद होतात, पण लेक आता तोंड मिटून झोपते.

आता गल्लीत कुणाचं पोर शिंकलं की सासूबाई दारात उभ्या. "ॲलर्जी हाय. आधी धूर बंद करा." बायका माना डोलावतात, आणि एखादी मला वर ऐकवते, "सासूबाई होत्या म्हणून बरं, नाहीतर तुमच्या लक्षातच आलं नसतं!"