कावाताची बायको

कावाता लग्न करणार हे म्बूनी डोंगराच्या उतारावर कळलं तेव्हा हसायचं कोणी बाकी राहिलं नाही. नवरा किलोन्झो कधीच वारलेला, पोटी मूल नाही, कंबरेचं हाड मोडून जुळलेलं तेही वाकडं, आणि ही म्हातारी चक्क नवरी आणायला निघालेली! तशी आम्हा कांबा लोकांत ही रीत जुनीच. मूल नसलेल्या बाईने शेळ्या देऊन बायको करावी, तिला कोणापासूनही होणारी पोरं आपल्या नवऱ्याच्या नावाने वाढवावीत, त्यात लाजायचं काही नाही. लोक हसले ते तिच्या निवडीला. नवरी न्दुकू आली ती एकटी नव्हे. पाठीला एक पोर, काखेत एक आणि मागून भोकाड पसरून येणारी तिसरी.

पण कावाताचं डोकं ठिकाणावर होतं. तिच्या शेतात घळ पडली होती आणि दर पावसाळ्यात ती वर वर सरकत होती. आता मक्याची अर्धी पट्टी तिच्या पोटात गेली होती. गावातल्या बायका म्वेथ्या करून, म्हणजे आज हिच्या शेतात तर उद्या तिच्या, अशा टोळीने चर खणून मातीचे बांध, म्हणजे ताली, घालत. ज्या घरातून दोन हात येतील त्या घरी टोळी जाणार, हा नियम. कावाताच्या घरात येऊन जाऊन ती एकटी, आणि तिला तर खाली वाकताही येईना.

धाकटा दीर मुइया तिला समजवायला आला. माणूस वाईट नव्हता, पण बोलायला लागला की ऐकणाऱ्याच्या नाकी नऊ यायचे. "वहिनी, आपल्या आजाच्या वेळी या डोंगरावर रान होतं. माणसं वाढली, रान गेलं, माती वाहून गेली. आणि तू आणखी चार तोंडं आणून बसवतेस? उपाशी मरशील."

कावाताने त्याला एवढंच विचारलं, की आजाच्या वेळी दुष्काळ पडत नव्हता का? तिची थोरली बहीण भुकेने गेली ती याच डोंगरावर, आणि तेव्हा तर शेजारच्या चुलीचा धूरही दिसत नसे इतकं सगळं रिकामं. मुइया मान हलवत गेला. त्याचे स्वतःचे मुलगे मोंबासाला कामाला गेले होते, त्यामुळे घरात खाणारी तोंडं कमी, याचा त्याला कोण अभिमान!

न्दुकू टोळीत गेली आणि टोळी कावाताच्या शेतात आली. बायका ओळीने उभ्या राहून चर खणायच्या, माती वरच्या अंगाला फेकायच्या, आणि गाणं सांगायला न्दुकू. काय आवाज होता बाईचा! कुदळी आपोआप चालायच्या. घळीच्या तोंडावर दगड रचले, तालींवर हत्तीगवत लावलं.

आणि मग पावसाने दगा दिला. एक हंगाम गेला, दुसराही कोरडा. मका संपत आला, तुरीच्या शेंगांत दाणा धरेना. त्यातच न्दुकूला दिवस राहिले. एका दुपारी ती कावातासमोर येऊन बसली.

"आई, मी पोरांना घेऊन माहेरी जाते. तुमच्या एकटीला आहे ते पुरेल."

कावाताने नको म्हणायला हवं होतं. पण कणगीचा तळ तिने सकाळीच पाहिला होता. मुइयाचंच खरं होतं की काय? ती म्हणाली, "पाऊस पडू दे, मग बघू." आणि बोलल्याबरोबर तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की नंतर कितीतरी दिवस न्दुकूच्या डोळ्यांत तिला बघवेना. गेली तर गेली, असं तिला कधीच वाटलं नाही. तोंडातून मात्र 'राहा' एवढं निघालं नाही.

पाऊस आला तो असा, की सारा डोंगर खाली नेतो की काय. भर दुपारी अंधारून आलं. पाणी ओसरल्यावर कावाता काठी टेकत शेताकडे गेली, मागे न्दुकू. चर काठोकाठ भरले होते, ताली जागच्या जागी होत्या आणि घळ पहिली होती तेवढीच. कावाताचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच ओल्या मातीत बसली आणि लहान पोरीसारखी हसत सुटली.

तेवढ्यात चिखलात लडबडलेला मुइया आला. त्याच्या शेतातली वरची माती सगळी नदीत गेली होती. तो कावाताच्या तालींकडे पाहत राहिला, मग हळूच म्हणाला, "वहिनी, माझ्याकडे खणायला माणसंच नाहीत गं."

टोमणा अगदी जिभेवर आला होता. कावाताने तो गिळला आणि टोळीला सांगते म्हणाली. तो गेल्यावर न्दुकूने अंगावरच्या कापडाचं टोक पिळत, मान खाली घालून विचारलं, "आई, पाऊस तर पडला. मग मी जाऊ?"

"जा की," कावाता म्हणाली. "उद्या सकाळी, मुइयाभाऊजींच्या शेतावर. कुदळीला हात लावायचा नाही, नुसतं गाणं सांगायचं. आणि दुपारी पोरांना घेऊन जेवायला घरी यायचं."