अक्कांनी संपवलेली गोष्ट

धुळ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या अक्कांना वाचता येत नव्हतं. साप्ताहिकात क्रमशः येणारी माझी कादंबरी त्या सुनेकडून वाचून घेत आणि मला गाठून अहिराणीत ठावठिकाणा विचारत, "भाऊ, तुम्हनी पोर आते कथी शे?" माझी पोर म्हणजे कादंबरीतली नायिका, सासर सोडून आगगाडीत बसलेली. विचारताना अक्कांचे हात वाती वळत असत आणि नजर माझ्या बोटांवर असे, शाई लागली आहे का ते बघत.

त्या उन्हाळ्यात मला काही सुचेनासं झालं. कागद पुढे घेतला की तो कोराच बाजूला सारत असे. संपादकांचे निरोप येत राहिले, मग तेही थांबले. अक्कांना चुकवायला मी मागच्या दाराने ये-जा करू लागलो.

एका दुपारी ओट्यावरून त्यांचा आवाज आला. वाती वळायला जमलेल्या बायांना त्या सांगत होत्या, "ती पोर ते मरी गयी. नदीमा उडी टाकी दिन्ही. गोष्ट सरी गयी."

बाया हळहळल्या. मी अनवाणीच बाहेर धावलो.

"नाही अक्का! ती मेलेली नाही!"

त्यांनी मान वर केली नाही. "मंग कथी शे?"

सुचेल ते मी बोलून गेलो. "चाळीसगावला उतरलीय. स्टेशनावर तिला माहेरचं कुणीतरी दिसलंय."

"कोन?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. मी घरात गेलो आणि ते कळेपर्यंत लिहीत राहिलो.

अक्कांनी हे मुद्दाम केलं का, ते विचारायचं धैर्य मला झालं नाही. आपण थांबलो तर अक्का त्या पोरीला खरंच मारतील, ही धास्ती मात्र कादंबरी पुरी होईपर्यंत राहिली.