बर्नाडची जागा

दुपारचं जेवून इनास तुस्कानो ओटीवरच्या बाकावर आडवा होतो. संध्याकाळी चर्चमध्ये बर्नाडला जाऊन महिना झाल्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आहे आणि मागोमाग हॉलमध्ये त्यांचा जॅझ बँड वाजवणार आहे. बर्नाड ट्रम्पेट वाजवायचा, इनास सॅक्सोफोन. सारं तारुण्य इनास त्याच्या डाव्या हाताला बसला. आज पहिल्यांदाच सगळे इनासकडे बघून सुरुवात करतील. डोळा लागतो न लागतो तोच पायाशी बाक जरा दबतो.

"पाय घे की वर," बर्नाड म्हणतो.

इनास पाय घेतो. बर्नाड गेलाय हे त्याला ठाऊक आहे, तरी नवल वाटत नाही. पुरताना घातलेला कोट अंगात आहे, खांद्याला माती लागलीय. दोघं ओटीची पायरी उतरतात तर खाली केळीची वाडी. पाटाचं पाणी सुटलंय आणि त्यात घोटाभर बुडून बँड बसलाय. पियानो, ड्रम, ट्रॉम्बोन, उभा डबल बास. मधली खुर्ची रिकामी.

"संध्याकाळी सुरुवात कोण करतंय?"

"मी."

"बरं. मी गेल्याचं कळलं तेव्हा काय वाटलं रे तुला?"

"वाईट वाटलं."

"त्याच्या आधी?"

ड्रमवाल्याचे हात थांबतात. इनासची कानशिलं तापतात. दवाखान्यातून फोन आला तेव्हा, डोळ्यांत पाणी यायच्या आधी, 'आता सोलो माझे' एवढंच मनात आलं होतं. बायकोलासुद्धा त्याने हे सांगितलेलं नाही.

बर्नाड रागावत नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो ट्रम्पेट पुढे करतो.

"मला हे येत नाही, बर्नाड."

"माझी जागा हवी होती ना? तिथे हेच वाजतं."

इनास फुंकतो. नुसती हवा. जीव खाऊन फुंकतो, तरी हवाच. पियानोवाला मान दुसरीकडे वळवतो, एखाद्याचे कपडे फाटल्यावर आपण वळवतो तशी.

"इतकं ओठांवर दाबू नकोस रे," बर्नाड म्हणतो आणि त्याच्या पाठीवर हात ठेवतो. तो हात त्याला हलवू लागतो.

"अहो, उठा. गाडी आलीय."

बायको, सेलिन, वाकून बघते. "तोंडाला काय झालं हे?"

इनास बोटं लावून बघतो. वरच्या-खालच्या ओठांवर मिळून एक गोल वळ उठलाय, रुपयाएवढा, दुखरा. सॅक्सोफोनने असा वळ कधी पडत नाही.

"काही नाही," म्हणत तो तोंडावर हात धरतो. फाटकाबाहेरून दोस्त हाका मारताहेत, आणि त्याचा हात काही खाली येत नाही.